जावईबापूंनी केलेला सौदा

माझ्या जावयानं मला चारचौघांत ‘ड्यूड’ म्हटलं आणि मी ते ऐकून घेतलं. (मोंढ्याच्या धान्यबाजारात कुणी नुसतं ‘काय शेठ’ म्हटलं तरी मी भांडण काढतो!)

पण जावयावर आवाज चढवायची सोय नसते, म्हणून अर्थ विचारला. पुण्यात नोकरी करणारे जावईबापू खुलले. म्हणाले, “मामा, आधी अमेरिकेत फार नटूनथटून फिरणाऱ्याला ड्यूड म्हणायचे. मग शहरातून खेड्यात मिरवायला येणाऱ्याला म्हणू लागले. आता कुणालाही म्हणतात, दोस्तासारखं.”

“म्हंजे भाव उतरत गेला,” मी म्हणालो.

त्यांनी दिवाळीला माझ्यासाठी जीन्स, फुलाफुलांचा शर्ट आणि काळा गॉगल आणला होता. जावयानं आणलेलं घातलं नाही तर लेक रुसते. म्हणून सगळं अंगावर चढवलं. नेमकी त्याच दिवशी मला कळमनुरीच्या बाजारातून म्हैस घ्यायची होती; जावईबापूही बरोबर निघाले. एरवी मी बाजाराला ठिगळाचा सदरा घालतो. माणूस गरीब दिसला की भाव खाली येतो, या एका अकलेवर मी शून्यातून वर आलो!

आमच्याकडे गुरांचा भाव तोंडानं बोलत नाहीत, रुमालाखाली बोटं दाबून सांगतात. म्हैसवाला गणपत माझ्या जुन्या ओळखीचा, पण त्यानं मला ओळखलंच नाही. “या सायब” म्हणत त्यानं इतकी बोटं दाबली की माझ्या अंगाची लाही लाही झाली. नटलेला आणि शहरातून आलेला, ‘ड्यूड’चे दोन्ही जुने अर्थ मी एकटाच अंगावर घालून उभा होतो!

मी गॉगल काढला. “गणपत, आरं मी हाय.”

त्यानं मला खालून वर न्याहाळलं. “मालक, तुमी? मंग इतके साल माझ्यापुढं काहून रडून राहिले व्हते?” आणि आणखी एक बोट दाबलं.

माझा आवाज चढला. मला शांत करायला जावईबापू मध्ये पडले. रुमालाखाली हात घालून त्यांनी गणपतचा पंजा प्रेमानं घट्ट धरला. “चिल, ड्यूड.”

रुमालाखाली असा पंजा धरला की समोरच्याच्या भावाला सौदा पक्का. गणपतनं लगेच रुमाल काढला, भोवतालच्यांनी माना डोलावल्या. आता माघार म्हणजे भरबाजारात जावयाची बेइज्जती. (माझी आधीच झाली होती.)

घरी म्हैस शांत उभी राहिली. बादली भरली. बायको लेकीला म्हणाली, मला ऐकू जाईल अशा बेतानं, “तुझ्या बापानं आणलेली एक लाथा मारायची, दुसरी महिन्यात आटली अन् तिसरी आंधळी निघाली. आता म्हशी जावईबापूच घेतील.”

आंधळी मी निम्म्या भावात आणली होती. पण ते कुणी ऐकूनच घेत नाही!