आकाराममिस्त्रींनी बुजवलेलं दार

कुपवाडच्या एका कारखान्यात बसगाड्यांच्या बॉड्या बांधता बांधता आकाराममिस्त्रींचे केस पिकले. आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशाला पाठवायची नमुन्याची रेलबस त्यांच्या हाती आली, तेव्हा आमच्या गल्लीला महिनाभर दुसरा विषयच नव्हता. अंग बसचं, चाकं रेल्वेची, पोटात डिझेल. मिस्त्री टपरीवर असे ऐटीत बसायचे, जणू आफ्रिका त्यांची सासुरवाडी.

ड्रॉइंग मयूरीचं, कारखान्यातल्या विश्रामबागेच्या इंजिनीअर पोरीचं. त्यात दोन्ही अंगांना दारं होती. मिस्त्रींना वाटलं, पोर चुकली. बसच्या उजवीकडून माणूस उतरला, तर सरळ ट्रकखालीच की! मयूरी इंजिनाच्या कामासाठी पुण्याला गेलेली. मिस्त्रींनी उजवं दार पत्रा ठोकून बुजवलं, वर रंग मारला आणि पोरीची चूक गुपचूप निस्तरली म्हणून घरी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

चाचणीच्या सकाळी मयूरी परतली, परदेशी पाहुणेही आले. चाकांखाली लिंबं, रुळावर नारळ, सगळं यथासांग. गाडी झोकात निघाली. पुढच्या स्टेशनात फलाट आला तो नेमका उजव्या हाताला. पाहुणे उठले आणि रंगवलेल्या पत्र्यापुढं जाऊन उभे राहिले. शेवटी एकेकाला हात देऊन डाव्या दारानं खडीत उतरवावं लागलं. हे कुणाचं काम, असं मालकानं विचारलं. मिस्त्री आपल्या चपलांकडं बघत राहिले. मयूरीनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "ड्रॉइंग माझं आहे."

कळवतो म्हणून पाहुणे गेले. मिस्त्रींची टपरी सुटली. घरी त्यांच्या बायकोनं, साळूबाईंनी, सगळं त्यांच्या तोंडून काढून घेतलं आणि भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आवं, आपल्या घराला म्होरं दार हाय, मागं दार हाय. गाडीचंच बुजवाय कसं सुचलं? आन वर पोरीच्या मागं दडलासा व्हय?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांचे डबे उघडे असताना, मिस्त्री उभे राहिले. "दार म्या बुजवलं. पोरीचं ड्रॉइंग बरोबर हुतं."

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. मयूरीनं डब्याचं झाकण लावलं. "मग काका, कापायला घ्या."

त्यांनी कापलं. पाहुण्यांचा निरोप अजून नाही, गाडी शेडमध्ये उभी आहे. मिस्त्री रोज तिची धूळ झटकायला जातात. डावं दार अगदी समोर येतं. पण ते मान खाली घालून पलीकडं वळसा घालतात आणि उजव्यानंच चढतात.