मडक्यातले राखणदार

माझ्या मित्राच्या सासऱ्यांइतकी किड्यांची अदब राखणारा माणूस मी जर्मनीत पाहिला नाही, भारतात तर नाहीच. मित्र जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनला मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. सासरे, म्हणजे आम्हा सगळ्यांचे अप्पा, लेकीकडे कायमचे आले आणि गावाबाहेर भाड्याने घेतलेल्या बागेतल्या एकुलत्या एका नाशीच्या झाडात जीव अडकवून बसले. नाशी म्हणजे सफरचंदासारखी गोल, खरबरीत सालीची आशियाई नासपती. चावली की रस कोपरापर्यंत ओघळतो. तिथल्या रिवाजाप्रमाणे अप्पांनी फांदीला गवत भरलेलं मातीचं मडकं उलटं टांगलं होतं. शेपटीला चिमटा असलेले किडे दिवसा त्यात झोपत आणि अंधार पडला की झाडावरची मावा कीड फस्त करत. फळ तोडताना एखादा निघाला, की "चला, ड्यूटी संपली," म्हणत अप्पा त्याला मडक्यात पोचवत. जावई ओरडे, "अहो अप्पा, धुवा तरी!" तोवर अर्धं फळ संपलेलं असे.

या माणसाने गावी तीस वर्षं कीटकनाशकांचं दुकान चालवलं होतं. "विष विकलं आणि औषध म्हणालो," असं ते मला एकदाच म्हणाले, नाशी कापता कापता.

फुटबॉल विश्वचषकाचे झेंडे अजून बाल्कन्यांत लटकत होते, त्या सप्टेंबरात शेजाऱ्याने तक्रार केली: किडे कुंपण ओलांडतात. बागा भाड्याने देणाऱ्या बागमंडळाने बजावलं, औषध फवारा नाहीतर झाड तोडा. अप्पा मंडळाच्या सभेला टोपलीभर नाशी घेऊन गेले. मी, चळवळीतल्या बापाची पत्रकं वाचून वाढलेला, जर्मन भाषेत जळजळीत पत्रक लिहून नेलं. मथळा: 'विषाचे दलाल'. आत मंडळाचे अध्यक्ष "लेकर!", म्हणजे फर्मास, म्हणत दुसऱ्या फळाकडे वळले होते. पत्रक हातात पडताच त्यांनी फळ खाली ठेवलं, रुमालाने एकेक बोट पुसलं. "आल्झो, तर मग, नियम तो नियम."

बाहेर पडताना अप्पांनी मथळ्याचा अर्थ विचारला. मी छाती काढून सांगितला.

"बरोबर लिहिलंयस," ते म्हणाले.

तेव्हा कुठे मला दुकान आठवलं.

त्यांनी फवारलं नाही. करवत स्वतः चालवली, पण आधी मडकं उतरवून घेतलं. आता ते मित्राच्या बाल्कनीत टांगलेलं असतं. खाली झाड नाही, फांदीवर मावा नाही. तरी अप्पा त्यातलं गवत बदलत असतात.

"आता कोण येणार त्यात, अप्पा?"

"चुकून आलाच एखादा," ते म्हणाले, "तर त्याने राहायचं कुठे?"