दाजींचा पंचनामा

आमच्या दाजींइतका मेलेल्या प्रोग्रॅमवर जीव लावणारा माणूस अख्ख्या मावळात सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते लोणावळ्यात नोकरीला होते, तिथल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात डेअऱ्यांसाठी दूध-संकलनाचे प्रोग्रॅम व्हायचे. तिथे मला त्यांनीच चिकटवलं. चालत्या प्रोग्रॅमकडे ते ढुंकूनही बघत नसत. मधेच बंद पडला की सगळं जग तो पुन्हा चालू करतं, दाजी मात्र अंगावर यायचे, "हात लावू नगा! आधी पंचनामा!" मग चूक शोधायचा डीबगर लावून, कुठल्या ओळीवर प्राण गेला तिथपासून एकेक पायरी मागं जात बसायचे. मेमरी तपासणारं टूल लावलं की प्रोग्रॅम बैलगाडीच्या चालीनं चाले, आणि दाजी समोर खुर्चीतच मांडी घालून निवांत शेंगा सोलत. एकदा घरी मिक्सर बंद पडला, तर ताईला बटणाला हात लावू देईनात. "अवो, लाइट गेलीया!" ती ओरडत होती. त्या दिवशी आम्ही चटणीवाचून जेवलो.

मेमरी, म्हणजे प्रोग्रॅमनं कामापुरती मागून घ्यायची आणि काम झालं की परत करायची जागा, त्यांनी मला भांड्यांवरून शिकवली. त्यांच्या गावात, औंढ्यात, लग्नाला देवळातली पातेली नेतात. "ज्यानं नेलं त्यानंच परत करायचं, आन एकदाच. परत केलेल्या पातेल्यात पुन्हा रस्सा ओतशील, तर त्यो दुसऱ्याच्या लग्नात सांडंल!" आमचे निम्मे क्रॅश असे दुसऱ्याच्या लग्नातले निघायचे.

निवृत्त झाले आणि दाजी मिटलेच. ताईचा फोन आला, "लय गप्प झाल्यात रे. जेवायला हाक मारली तरी उठत न्हाईत." त्या रविवारी मी लॅपटॉप घेऊन औंढ्याला गेलो. "दाजी, क्रॅशचं कारण सापडत नाही." ते उठले, चष्मा शोधू लागले. मग मी दर रविवारी जाऊ लागलो. आणि हे मी ताईलाही कधी सांगितलं नाही: ते सगळे क्रॅश मीच आदल्या दिवशी घालून नेत होतो. जन्मभर खरं कारण शोधणाऱ्या माणसाला मी खोटं दुखणं दाखवत होतो. तिथं जेवताना माझी मान वर होत नसे.

परवा टूलनं ओळ दाखवली: मेमरीतली एकच जागा दोनदा परत केलेली. दाजींनी पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही चूक न्हाई," ते म्हणाले. "कुणीतरी हातानं घातलीया."

तेवढ्यात ताई चहा घेऊन आली. दाजींनी लॅपटॉप मिटला, हळूच माझ्याकडे सरकवला.

"पुढच्या खेपेला," आवाज खाली आणून ते म्हणाले, "जरा अवघड आण की."