उंबराला चूलबंद आवतण

आमच्या पाटसला हौशीरामभाऊंना सगळे वेड्यात काढायचे, आणि त्यात मी पुढे होते. वडाचं झाड वीतभर ठेवायचं, हा काय उद्योग? पण त्यांचं काम बघण्यासारखं होतं, हे कबूल करते. कुंडी ओतायला एक मोठं घमेलं, एक लहान. मध्ये सिमेंट, वाळू आणि नारळाचा भुसा. भोकांसाठी नळीचे तुकडे. कुंडी सुटली की ओलं गोणपाट पांघरून आठवडाभर सावलीत. ओबडधोबड आणि खोल.

"बाई, ही तालीम हाय," ते म्हणायचे. "हितं चार वर्षं कसल्याबिगर झाड नाजूक ताटलीत उतरत न्हाई."

तरुणपणी गुऱ्हाळाच्या चरकात उजव्या हाताची करंगळी मुळापासून गेलेली, तरी हात साफ होता.

बायको गेल्यापासून भाऊ एकटेच. लेक अनुपमा नाशिकला दिलेली, दोन वर्षांत आली नव्हती. मे महिन्यात नातीला घेऊन येते म्हणाली, तेव्हापासून म्हाताऱ्याचे पाय जमिनीवर नव्हते. नातीला द्यायला त्यांना उंबर हवा होता. तो त्यांनी नदीकडच्या एका पडक्या वस्तीवर हेरला, थेट चुलीत उगवलेला. त्या घरची पाच माणसं एका लग्नाच्या चूलबंद आवतणाला निघाली होती. चूलबंद म्हणजे अख्ख्या घराला जेवण, घरची चूल पेटवायचीच नाही. चुलीवर पाणी मारून जीपमध्ये बसली, ती परत आलीच नाहीत.

झाड काढायच्या आदल्या दिवशी हळदकुंकू, सुपारी, अक्षता ठेवून त्याला आवतण द्यायची जुनी रीत आहे. भाऊंनी दिलं. पण हात आखडता घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. येऊन मला म्हणाले, "एकट्या झाडाला काय बोलवायचं, बाई? म्हटलं, चूलबंद आवतण हाय, समदी या."

मी हसले. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय मी.

उंबराची मुळं अंदाजापेक्षा लांब निघाली. झाड मातीसकट ओल्या गोणपाटात गुंडाळून भाऊंनी नवी कुंडी ओतली. सकाळी तिच्या काठावर बोटं उमटलेली. काठ धरून कुणी आत डोकवावं तशी, चार-चार बोटं, पाच जागी. एका जागची तर अगदी एवढीशी.

कुणाची तरी पोरं आली असतील, मी म्हटलं. भाऊंनी ठसे मोजले. दुपारी त्यांनी पाच ताटं वाढली, पिठलं-भाकरी. अन्न जागचं हललं नाही. नंतर मी ते पिठलं जिभेवर ठेवलं, तर अळणी. मीठ पडताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मला भीती वाटली, उगाच कशाला लपवू?

आठवडाभर हेच चाललं. कुंडी पक्की झाली, उंबर तिच्यात बसला. भाऊ तर खुशीत होते, घर भरलंय म्हणायचे. मग अनुपमा यायची त्या सकाळी त्यांनी मला हाक मारली. उंबराच्या बुंध्याशी ताज्या अक्षता होत्या, वर सुपारी.

"तुम्हीच ठेवली असणार."

"न्हाई, बाई. जेवल्यालं माणूस परत आवतण देतंच. आन् मी चूलबंद दिलं व्हतं, म्हंजी त्यांचंबी चूलबंदच." त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "घरात जेवढी असतील तेवढी समदी."

"मग टाका ना झाड परत नेऊन!"

"आता काय उपेग? आवतण तर आलं."

तेवढ्यात फोन वाजला. अनुपमाचा आवाज मलाही ऐकू आला. "आप्पा, शिक्रापूर सोडलं आम्ही. ही कधीची विचारतेय, आजोबांचं घर कधी येणार म्हणून."

भाऊ उंबराकडे तोंड करून उभे राहिले आणि त्याला ऐकू जाईल असं मोठ्याने बोलले. "येऊ नगं. ह्या घरात माझ्याबिगर कुणी न्हाई. मला लेक न्हाई, नात न्हाई. कुणी न्हाई मला."

तिकडून फोन बंद झाला. भाऊंनी तांब्या घेतला आणि पेटत्या चुलीवर पाणी ओतलं.

"बाई, तुम्ही आता घरी जावा," ते म्हणाले. आणि मी गेले. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते विझल्या चुलीपाशी बसल्या जागी गेलेले सापडले. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला फेटा.

अनुपमा संध्याकाळी पोचली. डोळ्यांत पाणी नव्हतं, रागच होता. "मला लेक नाही म्हणाले ते, बाई. माझं काय चुकलं होतं?"

मी सगळं सांगितलं. तिने माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. मग उठून कुंडीपाशी गेली आणि काठावरची बोटं मोजू लागली. पाच ठशांच्या शेजारी, दगडासारख्या घट्ट झालेल्या सिमेंटमध्ये, सहावा ठसा होता. त्याला तीनच बोटं होती.

तिने त्या खळग्यांवर आपली बोटं ठेवली आणि तिथेच बसून रडली.

रस्त्यावर गाडी उभी होती. काच खाली करून पोर ओरडली, "आई, उतरू का मी?"

अनुपमाने मागे वळून पाहिलं नाही. उंबराकडे बघत ती मोठ्याने म्हणाली, "मी एकटीच आलेय."