पांढऱ्या साडीचा काठ

ट्रंक उघडली आणि डांबरगोळ्यांच्या वासानं मला लग्नानंतरचा पहिला नाताळ आठवला. बोरीच्या दवाखान्यात माझ्याबरोबर काम करणाऱ्या ख्रिस्ती मैत्रिणीनं मला पांढरी सुती साडी दिली होती. पदरावर तिनं स्वतः रुपेरी दोऱ्यानं चांदणी भरली होती. हीच नेसून नाताळाच्या जेवणाला ये, म्हणाली होती. सकाळी साडी नेसायला घेतली, तर दारात सासूबाई उभ्या. सासरे गेल्यापासून त्या स्वतः पांढरंच नेसायच्या. "पांढरं फटक नेसून जायलीस? माझा लेक जिता हाय," एवढंच म्हणाल्या, माझ्या हातातून साडी घेतली आणि कात्री घेऊन आतल्या खोलीत गेल्या. कडी लागली. आतून कापड फाडल्याचा लांब आवाज आला. मैत्रिणीला काय तोंड दाखवू ते कळेना. मग शिलाई मशीन सुरू झालं, थांबलं, पुन्हा सुरू झालं. गॅसवरचा चहा आटून गेला तरी मी दारापाशीच. शेवटी कडी निघाली. साडीला दोन्ही बाजूंनी डांबरगोळ्यांचा वास येणारा रुंद लाल जरीकाठ लावला होता, चांदणीला जराही धक्का न लावता. "जुना काठ होता पडलेला," त्या म्हणाल्या, "आता जा. ती वाट बघायली असंल." कुठला काठ, हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आज, त्यांच्या माघारी, त्यांची ट्रंक मी पहिल्यांदाच उघडली आहे. तळाशी त्यांच्या लग्नातला लाल शालू आहे, दोन्ही काठ कापलेला.