चेहरा नसलेलं पान

ओळख पटवण्यासाठी त्या वेबसाइटला माझा एक फोटो हवा होता. चेहरा समोर, आणि चेहऱ्याशेजारी हातात धरलेलं रेसिडेन्स कार्ड. फोटो नवऱ्यानं काढला. "हनुवटी जरा वर घे," असं म्हणाला, आणि मग मी कार्ड उलटं धरलं, कारण त्यांना मागची बाजूही हवी होती.

मागच्या बाजूला शिक्का आहे. मी नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बायको. आठवड्याला अठ्ठावीस तास काम करायची मला परवानगी आहे, आणि त्याच शिक्क्यात पुढं लिहिलंय की बार, क्लब आणि तसले धंदे सोडून. आपल्याच स्वयंपाकघरात आपलेच फोटो काढायचे आणि महिन्याची वर्गणी भरणाऱ्यांना दाखवायचे, हे 'तसल्या' धंद्यांत येतं का? परदेशी लोकांना मोफत सल्ला देणारा एक फोन आहे, तिथं मी माझ्या तोडक्या जपानीत विचारलं. पलीकडचे गृहस्थ फार अदबीनं म्हणाले, असं सरसकट सांगता येणार नाही, प्रकरण बघावं लागेल, तर आपलं नाव आणि कार्डाचा नंबर? मी फोन ठेवून दिला. आणि त्याच दुपारी कार्डाचा फोटो पाठवला. भीती वाटत असताना मी नेहमी घाई करते.

मी पत्रकांच्या घरात वाढले. वडील गिरणी कामगारांच्या संघटनेत, आई बायकांच्या. जेवायला बसायचं तर आधी गठ्ठे उचलावे लागत. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरच, शाईचे हात फ्रॉकला पुसत. घरात एकच नियम कडक होता, खाली नाव नसलेलं पत्रक वाटायचं नाही. ज्याला नाव घालायची भीती वाटते त्यानं लिहूच नये, असं वडील म्हणायचे. आणि मी आता एक पान उघडत होते ज्यावर ना माझं नाव असणार होतं, ना तोंड.

त्याआधी मी एका कोम्बिनीत, म्हणजे इथल्या चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानात, काम करत होते. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी आम्हाला हसायचा सराव करायला लावत. आरशासमोर उभं राहून, दात किती दिसले पाहिजेत ते बघून. एका दुपारी एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं सुटे पैसे घेताना माझा हात धरला, तो सोडेचना. मॅनेजरनं नंतर मला बाजूला घेऊन समजावलं, हसत हसत सोडवून घ्यायचा, गिऱ्हाइकाला वाईट वाटता कामा नये. म्हणजे माझं हसणं आणि माझा हात आधीच विकायला ठेवले होते, फक्त दुकान दुसऱ्याचं होतं. मी आठवड्याभरात काम सोडलं. पान का उघडायचं ते सांगताना नवऱ्यासमोर मी हे सगळं भाषणासारखं मांडलं. तो तोयोसूच्या ऑफिसातून दमून आला होता, शांतपणे ऐकून म्हणाला, "पटलं. पण चेहरा नको हं." दुसरं कारण कुठल्याच पत्रकात बसलं नसतं, म्हणून ते मी बोलले नाही. मला कुणीतरी बघावं असं वाटत होतं. दोन वर्षं या देशात मला कुणी बघितलंच नव्हतं.

आम्ही नियम केले. चेहरा नाही, अंगठी नाही, मंगळसूत्र नाही, खिडकी नाही, आवाज नाही. इथल्या कायद्यात जे दाखवता येत नाही त्याच्या तर मी गल्लीतही गेले नाही. उघडी पाठ, ओले केस, मांडीवरून घसरलेली सुती साडी, इतपतच. पहिला फोटो टाकला. लगेच मी बाथरूममध्ये जाऊन उलटी केली. मग परत येऊन बघितलं, कुणीतरी वर्गणी भरली होती, कॅनडातल्या कुणीतरी. मी हसले. आरशासमोर शिकवलेलं ते हसू नव्हतं.

स्वयंपाकघरात सकाळी अर्धा तास छान ऊन येतं. तिसऱ्या आठवड्यातला एक फोटो मी त्या उन्हात काढला, फ्रिजला पाठ टेकवून. सगळे नियम तपासले. फ्रिजवर कचऱ्याचा तक्ता लावलाय हे मला दिसलंच नाही, कारण तो रोज दिसतो. वॉर्डाकडून मिळतो तो छापील कागद, कुठल्या वारी बर्नेबल म्हणजे जाळायचा कचरा खाली ठेवायचा आणि कुठल्या वारी प्लास्टिक, याचा. जपानी वाचताना गोंधळ व्हायचा म्हणून मी त्यावर लाल मार्करनं मराठीत लिहून ठेवलं होतं: मंगळवार, शुक्रवार बर्नेबल, गुरुवार प्लास्टिक. फोटोत माझ्या खांद्याच्या वर ते अक्षर स्वच्छ दिसत होतं.

सोमवारी दुपारी पानावर निरोप आला. देवनागरीत.

"ताई, उद्या बर्नेबल. आठच्या आत ठेवा."

मी ओट्याला धरून उभी राहिले. आधी वाटलं, कुणीतरी सावध करतंय. मग 'ताई' शब्दावर नजर गेली आणि मी फोटो उघडून तक्ता बघितला. कचऱ्याचे वार वस्तीगणिक बदलतात. मंगळवार-शुक्रवार बर्नेबल आणि गुरुवार प्लास्टिक म्हणजे कोतो वॉर्डातल्या आमच्याच चार-पाच इमारती. त्यातली मराठी घरं मला तोंडपाठ होती. त्या घरांतल्या गणपतीच्या आरत्यांना मी गेले होते, त्या पुरुषांना मी पुरणपोळी वाढली होती.

फोटो काढून टाकला. तक्ता फाडून टाकला. त्यानं काय होणार होतं?

दुसऱ्या दिवशी नवरा लवकर गेला होता, म्हणून कचरा घेऊन मलाच खाली जावं लागलं. कावळ्यांनी पिशव्या फोडू नयेत म्हणून तिथं निळी जाळी असते. मी ती उचलत होते तेवढ्यात मागून आवाज आला.

"वहिनी, अहो काय हे! आज प्लास्टिक नसतं."

तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ होते. नवऱ्याच्याच कंपनीतले, त्याला सिनियर. घाईत मी चुकीची पिशवी आणली होती. माझ्या हातातून ती सुटली आणि बाटल्या रस्त्यावर पसरल्या. ते वाकून गोळा करायला लागले. "एवढं काय घाबरताय, जपानी आजी ओरडतील म्हणून?" ते हसले. मी त्यांच्या मानेकडे बघत राहिले. हाच का? याच हातांनी का? ते बाटल्या गोळा करत होते आणि मला त्यांना लाथ मारावीशी वाटत होती. पुढं कळलं की ते नव्हते. पण त्या सकाळी, आणि नंतर शनिवारपर्यंत रोज, मी त्या साध्या माणसाला मनात गुन्हेगार करून ठेवलं.

गुरुवारी दुसरा निरोप आला. "ताई, चेहऱ्यासकट एक पाठवा. फक्त माझ्यासाठी. रविवारपर्यंत. नाहीतर तक्त्याचा फोटो आपल्या ग्रुपवर."

आपला ग्रुप म्हणजे इथल्या मराठी लोकांचा, फोनवरचा. भाडी, डॉक्टर, पोह्यांची पाकिटं, शाळेचे प्रवेश, सगळं त्यावर चालतं. नवऱ्याचे दोन वरिष्ठ त्यात आहेत.

"पान बंद करू," नवरा म्हणाला. "आजच्या आज."

"बंद केलं तरी फोटो त्याच्याकडे आहेच."

"मग पोलिसांकडे जाऊ."

"आणि ते कार्ड मागतील. मागची बाजू बघतील."

तो खुर्चीत बसला. "माझा नोकरीचा करार मार्चमध्ये वाढायचाय गं," एवढंच म्हणाला. मला त्याचा राग आला आणि कीवही आली. ते म्हणण्याचा त्याला पूर्ण हक्क होता.

शनिवारी सकाळी मी त्याला म्हणाले, "तो टाकायच्या आधी मी टाकते."

"काय?"

"पत्रक."

"अगं, ही काय गिरणी आहे का?" तो ओरडला. मग हळू आवाजात म्हणाला, "निदान व्हिसाचं काही लिहू नकोस."

मी आठ-दहा ओळी लिहिल्या. मी प्रौढांसाठी फोटोंचं एक पान चालवते, ते वर्गणीचं आहे, माझ्या मर्जीनं आहे, नवऱ्याला माहीत आहे. आपल्यापैकी एक जण वर्गणीदार आहे आणि तो मला धमकावतोय. त्याचे दोन्ही निरोप जसेच्या तसे खाली देत आहे. मी त्याला काहीही पाठवणार नाही. आणि शेवटी माझं पूर्ण नाव, सासरचं आडनाव धरून. पाठवताना कानात भोंगा वाजत होता.

वाचल्याच्या निळ्या खुणा वाढत गेल्या. पाच, अकरा, तीस. कुणी काही लिहिलं नाही. एरवी डासांच्या अगरबत्तीवरून दोन-दोन तास भांडणारे लोक. दहा मिनिटांनी एक जण ग्रुप सोडून गेला, मग एक बाई. नवरा गॅलरीत पाठ करून उभा होता.

अर्ध्या तासानं बेल वाजली. इंटरकॉमच्या छोट्या पडद्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या ताई दिसल्या, त्या गृहस्थांच्या बायको. त्यांची मुलगी शनिवारी माझ्याकडे मराठी वाचायला यायची. मी विचारायची 'काय झालं गं?' आणि ती जपानीत उत्तर द्यायची.

ताई बसल्या नाहीत. "मुलीला आता पाठवणार नाही," त्या म्हणाल्या. "तोंडावर सांगावं म्हणून आले. राग मानू नकोस."

"नाही मानत."

"मला हे पटत नाही. अजिबात पटत नाही. कशाला हवंय हे?" त्यांचे डोळे भरले होते, पण माझ्यासाठी नव्हते. "पण तो आमच्या घरातला नाही. ह्यांचा फोन मी आत्ता बघितला. चौदा वर्षांत पहिल्यांदा बघितला. ह्यांनी काढून दिला, पण कसं बघत होते माझ्याकडे!" त्यांनी नाक पुसलं. "खालच्या मजल्यावर पण भांडण चाललंय. ऐकू येतंय."

त्या गेल्यावर मी दार लावून दाराशीच बसले. त्या सकाळी चार-पाच इमारतींमध्ये किती बायकांनी हात पुढं करून फोन मागितले असतील, आणि किती जणींना मागायचं धैर्य झालं नसेल, कोण जाणे.

रविवार आला आणि गेला. ग्रुपवर काही पडलं नाही. नवऱ्याचा करार वाढला. व्हिसाचा प्रश्न मी अजून कुणाला विचारलेला नाही. पत्रपेटीत सरकारी लिफाफा दिसला की आजही जिन्यात बसून उघडते, वर जाईपर्यंत धीर धरवत नाही. आरत्यांना आम्हाला कुणी बोलवत नाही.

तो माणूस कोण, ते मला कळलं नाही. त्याला काढून टाकता येतं, एक बटण दाबायचं. मी ते दाबलेलं नाही. वर्गणीदारांच्या यादीत आहे तोवर तो कुठं आहे हे निदान मला माहीत असतं. काढला तर तो फक्त बाहेर असेल, लिफ्टमध्ये, जाळीपाशी, कुठंही. त्यानं त्यानंतर एक अक्षर लिहिलं नाही. दर महिन्याच्या एक तारखेला त्याची वर्गणी येते.