पाठमोरं बसून ऐकलेली कॅसेट

माझी बायको जाऊन बारा वर्षं झाली, आणि मागच्या उन्हाळ्यात एके दिवशी माझ्या लक्षात आलं, की मला तिचा आवाज आठवत नाही. ती काय काय बोलायची ते आठवतं. माझ्या आईला तिनं दिलेली उत्तरं तर शब्दन् शब्द आठवतात. पण ते शब्द मनात येतात ते माझ्याच आवाजात. मी लातूरला दोन खोल्यांत एकटा राहतो, दिवसभर स्वतःशीच बोलतो, म्हणूनही असेल. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. तिला फोनवर विचारलं, "तुझ्या आईचा आवाज कसा होता गं?" तिनं मलाच उलट विचारलं, "बारीक होता ना, बाबा?" म्हणजे तीही विसरली होती.

आणि मी कोण, तर जन्मभर लग्नांची शूटिंग केलेला माणूस. नांदेडला आमचं दुकान होतं. भोकरपासून चाकूरपर्यंत मांडवामांडवात कॅमेरा घेऊन उभा राहिलो. लोकांचे आजे, पणजे, रुसलेले जावई, सगळे टिपून ठेवले. फोनमध्येच कॅमेरे आले तसा धंदा बसला आणि दुकान आवरलं. पण ही होती तोवर आमच्या घरी बटणाचा साधा फोन होता. त्यात बोललेलं हवेतच गेलं.

पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली. तिच्यात एकवीस छोट्या कॅसेट होत्या. लग्न संपलं की कॅसेटच्या शेवटी चार-पाच मिनिटं उरायची. तेवढ्यात मी घरी येऊन हिला, मुलीला, दारातल्या मांजराला टिपायचो. गिऱ्हाइकाची सीडी तयार झाली की कॅसेट पुन्हा वापरायची, ही धंद्याची रीत. पण ज्यांच्या शेपटाला आमचं घर होतं, तेवढ्या मी बाजूला ठेवल्या होत्या. कॅमेरा पुसला, टेप वाचणारं त्याचं हेड साफ केलं, जुना लॅपटॉप काढला, कारण नव्याला कॅमेऱ्याची वायर लागतच नाही.

कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायची म्हणजे ती पूर्ण वाजू द्यावी लागते. तासाची असेल तर तास. घाईनं पुढं पळवली तर जुनी टेप आत गुंडाळते आणि मग बसा बोंबलत. त्यामुळं रोज सकाळी चहा घेऊन मी परक्यांच्या लग्नाला बसू लागलो. रेणापूरकडची एक नवरी अक्षता पडेपर्यंत एकदाही हसली नाही; मला तिची काळजी वाटू लागली. पंचावन्न मिनिटं असं कुणाकुणाचं बघायचं, तेव्हा कुठं आमचं स्वयंपाकघर दिसायचं आणि ही दिसायची.

आणि सगळं मुकं. चूक माझीच. मांडवात कॅमेऱ्याला मी बाहेरचा माईक जोडायचो आणि त्याचं बटण बंद ठेवायचो. बँडचा कलकलाट घेऊन करायचं काय? मिक्सिंगला वरून सिनेमाची गाणीच टाकायची असत, गिऱ्हाइकाला तेच पाहिजे असे. बाहेरचा माईक जोडला की कॅमेऱ्याचा स्वतःचा कान बंद होतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी घरी आल्यावर ती वायर उपटायची तसदी मी एकवीस वेळा घेतली नाही. शेवटच्या कॅसेटमध्ये ती उलथनं हातात धरून चार मिनिटं सलग बोलते, माझ्याकडं बघून, बहुधा माझ्यावर चिडून. मी तिच्या ओठांकडं बघत राहिलो. एक अक्षर कळलं नाही. मग लॅपटॉपलाच शिवी हासडली आणि दोन दिवस पेटीकडं फिरकलो नाही.

तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना सुचलं. मुसलमान घरातली लग्नं! तिथं बायकांच्या बाजूला मला मज्जाव असे. निकाहाचं मी टिपायचो आणि मग कॅमेरा हिच्या हातात द्यायचो; आतलं सगळं ती टिपायची. माईकची वायर पदरात अडकते म्हणून ती आधी वायर उपटायची. म्हणजे त्या कॅसेटमध्ये आवाज होता, आणि कॅमेऱ्यामागं उभ्या माणसाचा आवाज सगळ्यात जवळून येतो. पण त्या कॅसेट माझ्याकडं नव्हत्या. तसा शब्दच दिलेला असे: बायकांची कॅसेट मिक्सिंगला जाणार नाही, मी बघणार नाही. आठ दिवसांनी ही कॅमेरा घेऊन त्या घरी जायची, टीव्हीला जोडून बायकांना दाखवायची आणि कॅसेट घरच्या बाईच्या हातात ठेवून यायची.

नांदेडच्या जुन्या वस्तीतलं बांगड्यांचं एक दुकान मला ठाऊक होतं. त्या घरच्या मुलीच्या लग्नात आम्ही दोघं होतो. लॅपटॉप, कॅमेरा आणि एक कोरी कॅसेट पिशवीत घालून बस धरली. दुकानात ती मुलगीच बसली होती, आता चाळिशीची. तिची आई आतल्या खोलीत, गुडघ्यांनी जायबंदी. मी कशाला आलो ते सांगितलं. सांगताना वाटलं, काय वेड्यासारखं बोलतोय आपण.

आईनं कपाट उघडायला लावलं. कॅसेट रुमालात गुंडाळलेली होती. हिनं दाखवली त्यानंतर त्यांनीही ती पाहिली नव्हती, पाहायला कॅमेराच नव्हता. मी म्हणालो, "तुमची मुलगीच उतरवून घेईल. मी बाहेर थांबतो. फक्त आवाज मला द्या."

म्हातारी हसली. "बाहर कैकू? आवाज का क्या पर्दा, भाई. पीठ करके बैठो, सुनो."

मुलीला मी कोऱ्या कॅसेटवर सगळं शिकवलं. "काका, हे लाल बटन दाबलं की उतरून राहिलं समजायचं ना?" तिनं दोनदा विचारून घेतलं. मग मी खुर्ची फिरवली आणि भिंतीकडं तोंड करून बसलो. समोर बांगड्यांची खोकी छतापर्यंत रचलेली होती.

आधी नुसता गलका आला, ढोलक, हसणं. आणि मग अगदी माझ्या मानेमागून: "ताई, मान जरा वर करा की. हां. आता हसा. आवं, रडायला अजून लई येळ हाय."

बारीक नव्हता. जरा घोगरा होता, वाक्याच्या शेवटी वर चढणारा. कसा विसरलो मी? मागं त्या दोघी स्वतःला, गेलेल्या मावशांना, तरुण शेजारणींना बघून हसत होत्या, डोळे पुसत होत्या. मी खोकी बघत होतो आणि ही माझ्यामागं उभी राहून काम करत होती. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

अर्धा तास झाला असेल. कॅसेटमधून कुणीतरी म्हणालं, "भाभी, खाना खा लो."

"मी मागून खाते," ती म्हणाली. "भाईर आमचे घरचे बसलेत, आधी त्यांना एक ताट धाडा. आन् मी सांगितलं म्हणू नका. त्यांना न्हाई आवडत."

ते ताट मला लख्ख आठवलं. काम नाही, कुणी विचारत नाही, म्हणून मी मांडवाच्या कडेला फुगून बसलो होतो. ताट आलं, जेवलो, खूश झालो. परतताना स्कूटरवर हिला म्हणालोही, की माणसं मोठी दिलदार, न सांगता ताट आणून दिलं. मागून ती नुसती "हाव" म्हणाली होती.

कॅसेट पुढं चालली. नवरीची पाठवणी झाली, रडारड झाली. अगदी शेवटी तीच बाई पुन्हा म्हणाली, "भाभी, तुम तो खायेच नई."

"न्हाई, आता राहू द्या. लई उशीर झाला, भाईर ते चिडतेत. घरी जाऊन खाते."

आणि खट्ट. कॅसेट संपली. "काका, झालं," मुलगी म्हणाली. "आता फिरा इकडं."

मला फिरता येईना. त्या दिवशी घरी पोचल्यावर माझं पोट भरलेलं होतं. मी हातपाय धुऊन आडवा झालो. तिनं काही करून खाल्लं, की तशीच निजली, ते मला माहीत नाही. मी विचारलंच नव्हतं.